साथीला कोण होते?

एखादे गाणे कोणाचे, असे कोणी विचारले की आपण चटकन गायकाचे नाव सांगतो. विचारणारा आणि सांगणारा दोघेही जरा जाणकार असले तर संगीतकाराचे आणि कवीचेही नाव निघते. पण दोन कडव्यांच्या मधल्या जागेत जे व्हायोलिन वाजते, ज्याच्यावाचून ते गाणे आपणांस अपुरे वाटेल, ते कोणी वाजवले असे विचारले तर भले भले गप्प होतात. यात त्यांचा दोष नाही. ती नावे ऐकणाऱ्यापर्यंत पोचवण्याची आपल्याकडे रीतच पडली नाही. ही रीत बदलली पाहिजे, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथमच सांगते की मी संगीताची विद्यार्थिनी नाही. राग ओळखण्याइतकेही मला येत नाही. पण आमच्या घरात वाद्यसंगीत पुष्कळ वाजते आणि त्याचे कारण जरा निराळे आहे. माझे बाबा डायमेकर आहेत. चिंचणी, वरोर या भागात हा धंदा घरोघर चाले आणि अजूनही काही घरांत चालतो. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची. मग सोनार त्या डायवर पत्रा ठोकून दागिन्याचा नक्षीदार भाग उठवतो. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास मान खाली घालून करायचे हे काम. बाबांना कामाच्या वेळी गाणी लागतात, पण शब्दांची गाणी चालत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की शब्द असले की मन शब्दांमागे जाते आणि छिन्नी घसरते. म्हणून आमच्याकडे सतत वाजते ते व्हायोलिन. आणि तेही बहुधा एकाच वादकाचे. ते म्हणजे प्रभाकर जोग.

हे नाव माझ्या पिढीच्या किती जणांना ठाऊक आहे, याची मला शंका आहे. शास्त्रीय मैफलीतले व्ही. जी. जोग (१९२२-२००४) निराळे आणि हे निराळे. प्रभाकर जोग यांचा जन्म २५ डिसेंबर १९३२ रोजी नगर जिल्ह्यातील हरेगावचा. पुण्यात गजाननराव जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे त्यांनी व्हायोलिनचे धडे घेतले. गजाननराव जोशी (१९११-१९८७) हे स्वतः मोठे गायक होते आणि व्हायोलिनही वाजवत. म्हणजे या शिष्याच्या हातात वाद्य आले तेच मुळी गाणाऱ्या माणसाकडून! पण वडील अकाली गेले आणि शिक्षण अर्ध्यावर राहिले. वयाच्या बाराव्या वर्षी हा मुलगा पुण्याच्या वाड्यांमधून व्हायोलिनचे कार्यक्रम करू लागला. बिदागी किती? सव्वा रुपया आणि एक नारळ. ज्या वयात आपण शाळेच्या सहलीसाठी घरी हट्ट धरतो, त्या वयात त्याच्या व्हायोलिनवर घरखर्चाचा भार होता.

पुढे सुधीर फडके यांच्याकडे त्यांनी साथीदार आणि साहाय्यक म्हणून काम केले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते वर्षभर आठवड्यामागून आठवडे प्रसारित होत होती. त्या वाद्यवृंदात प्रभाकर जोगांचे व्हायोलिन होते. गीतरामायण माहीत नाही असे मराठी घर सापडणे कठीण. कवी माहीत, गायक माहीत. त्यातले व्हायोलिन मात्र कानांनी ऐकलेले आणि नावाने अनोळखी! त्यानंतर मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतही त्यांनी अनेक वर्षे वाजवले. ते स्वतः संगीतकारही झाले. यशवंत देवांच्या शब्दांचे आणि सुधीर फडक्यांच्या आवाजातले ‘स्वर आले दुरुनी’ हे गाणे त्यांनीच स्वरबद्ध केले आहे. गंमत पाहा, त्यांनी चाल दिली तेव्हा त्यांचे नाव गाण्याबरोबर घराघरांत गेले. पण दुसऱ्याच्या चालीवर त्यांनी गज फिरवला तेव्हा ते नाव कोठेच नव्हते. हात तेच, माणूस तोच.

मग एक दिवस ते मागच्या रांगेतून पुढे आले. ‘गाता रहे मेरा व्हायोलिन’ या नावाने त्यांच्या एकल वादनाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, याच नावाने त्यांनी कार्यक्रमही केले आणि लोक त्यांच्या वाद्याला ‘गाणारे व्हायोलिन’ म्हणू लागले. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या ध्वनिमुद्रिकांविषयी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो असा की, “यात नवीन काय? लोकप्रिय गाणी व्हायोलिनवर वाजवली, एवढेच ना! चाल दुसऱ्याची, लोकप्रियता दुसऱ्याची. वादकाचे स्वतःचे काय?” आक्षेप वरवर बरोबर वाटतो, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

गाणे आणि धून यांत फरक आहे. धून कोणत्याही वाद्यावर वाजवता येते. पेटीवर बोटे ठेवली की सूर निघतात आणि गाणे ओळखू येते. पण व्हायोलिनला पडदे नसतात, पट्ट्याही नसतात. चार तारा, त्यांवर डाव्या हाताची बोटे आणि उजव्या हातात घोड्याच्या केसांचा गज. कोणता सूर कोठे आहे हे वाद्यावर कोठेही लिहिलेले नाही; ते बोटाला ठाऊक असावे लागते. यामुळे वाद्य कठीण होते, पण त्याचमुळे ते माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळ जाते. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची जी मींड गळ्यातून निघते, ती येथे बोट सरकवून निघते.

मी बाबांच्या शेजारी बसून जोगांचे वादन पुष्कळ वेळा लक्ष देऊन ऐकले आहे. मला जे उमगले ते असे. आपण शब्द उच्चारतो तेव्हा व्यंजनापाशी आवाज क्षणभर अडतो आणि स्वरावर वाहत राहतो. जोगांचा गज नेमके हेच करतो. अक्षर जेथे सुरू होते तेथे गजाचा हलका आघात येतो. अक्षर जेथे लांबते तेथे तोच गज न मोडता पुढे जातो. गायक जेथे श्वास घेतो तेथे गज थांबतो. एकच सूर असूनही दोन अक्षरे असली तर दोन आघात ऐकू येतात. म्हणून शब्द नसतानाही आपल्याला शब्द ऐकू येतात! हे करायचे तर नुसती चाल पाठ असून भागत नाही. कविता पाठ असावी लागते आणि ती गायकाने कशी म्हटली आहे तेही. गाण्याचा इतका बारीक अभ्यास ज्याने केला, त्याला नक्कल करणारा म्हणायचे काय? एकाच पुस्तकावर दोन प्राध्यापक व्याख्यान देतात तेव्हा दुसऱ्याला आपण नक्कल करणारा म्हणत नाही. मैफलीत गायक परंपरेने आलेलीच चीज गातो. तिलाही नक्कल म्हणत नाही. मग व्हायोलिननेच काय पाप केले आहे?

शिवाय व्हायोलिन आपले नव्हेच, ते परदेशी, असेही म्हणणारे आहेत. परंतु दक्षिणेत मुथुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६-१८५९) यांनी हे वाद्य युरोपियन वादकाकडून शिकून कर्नाटक संगीतात आणले, त्याला दोनशे वर्षे होत आली. आपल्या वादकांनी ते जमिनीवर मांडी घालून, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवण्याची पद्धत रूढ केली. तारा षड्ज-पंचमात लावल्या. मिरची आणि बटाटा यांप्रमाणेच आता त्याचे परकेपण शोधूनही सापडत नाही.

प्रभाकर जोग निदान पुढे आले. जे पुढे आलेच नाहीत त्यांचे काय? हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत मोठमोठे वाद्यवृंद बसत असत. त्यांत गोमंतकीय वादकांचा भरणा फार मोठा होता. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. कागदावरचे संगीत पाहून लगेच वाजवणारी ही मंडळी मुंबईत आली आणि चित्रपटसृष्टीला हवी होती तशीच माणसे तिला मिळाली.

त्यांपैकी एक अँथनी गोन्साल्विस. गोव्यातील माजोर्डा हे त्यांचे गाव, जन्म १९२७ चा. १९४३ मध्ये ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून आले, पुढे वाद्यसंयोजक झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली या गृहस्थांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात शंभरांहून अधिक वादकांचा वाद्यवृंद उभा केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायला लावले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचे त्यांचे स्वप्न होते. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले. परत आल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर, आपल्या गावीच राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी ते वारले. त्यांचे नाव मात्र देशातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, कारण १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटात शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गाण्यात घातले! लोकांना वाटले, ते एका गमतीदार पात्राचे नाव आहे. आयुष्यभर वाजवून जे नाव कोणी विचारले नाही ते असे सर्वतोमुखी झाले, आणि तरीही माणूस अनोळखीच राहिला. याहून मोठा उपरोध कोणता असेल?

कोणी म्हणेल, शंभर वादकांची नावे कोठे आणि कशी लिहायची? हा प्रश्न व्यवहाराचा दिसतो, पण पूर्वी गायकांविषयीही असेच बोलले जात होते, हे आपण विसरतो. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! आकाशवाणीकडे श्रोत्यांची विचारणा होऊ लागली तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पारितोषिक १९५९ पर्यंत नव्हतेच. तेही गायिकेने आग्रह धरल्यावर आले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नाव न देणे हा काही निसर्गनियम नव्हे. ऐकणाऱ्याने विचारले की नाव छापले जाते.

आणि न विचारल्याने काय होते? राज्यशास्त्राच्या अभ्यासामुळे मला कायदे मुळातून वाचण्याची आवड लागली. आपल्या देशाचा स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि कलावंताला ‘हे सादरीकरण माझे आहे’ असे सांगण्याचा हक्क मिळाला. वाचून आनंद झाला. पण त्याच कायद्यात ‘कलावंत कोण’ याच्या व्याख्येला एक शेपूट जोडलेले आहे. त्याचा भावार्थ असा की, चित्रपटात ज्याचे काम किरकोळ वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा इतरत्र कोठेही दिले जात नाही, त्याला कलावंत मानायचे नाही. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागता येईल, पण ‘माझे नाव द्या’ असे म्हणता येणार नाही. म्हणजे पाहा, आजवर नाव दिले नाही, हेच उद्याही नाव न देण्याचे एक कारण ठरू शकते! व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसणाऱ्याचे काम किरकोळ की महत्त्वाचे, हे ठरवणार कोण? ज्याने कधी त्याचे नाव विचारले नाही, तोच ना?

मी हे सारे बाबांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “अगं, त्यांना कामाचे पैसे मिळाले ना? मग झालं. डायवर नाव कोरायला जागा कुठे असते? नक्षीच पुरत नाही.” बाबांविषयी पूर्ण आदर ठेवून मला येथे त्यांच्याशी मतभेद नोंदवावासा वाटतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रवेशाचे अर्ज भरताना वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘मजुरी’ असे लिहिले, कारण कागदोपत्री तेच आहे. तीस वर्षांत बाबांनी किती नक्ष्या कोरल्या याची मोजदाद नाही. कोठल्या कोठल्या बायकांच्या गळ्यात त्या आहेत! लग्नसमारंभात एखाद्या बाईच्या गळ्यातील पेंडंट पाहून आई हळूच म्हणते, “ही पाकळी ह्यांचीच.” आईवाचून दुसरे कोणी ते सांगू शकत नाही, आणि आईचे सांगणे कोठे लिहून ठेवलेले नाही.

पैसे मिळाले म्हणजे हिशेब मिटतो, हे खरे नाही. आता संगणकावर चालणारी यंत्रे आली आहेत. जुन्या डायवरून नक्षी उचलायची आणि यंत्राने हव्या तेवढ्या डाय कापायच्या. बाबांची नक्षी यंत्रात जाईल, पण ती बाबांची होती हे यंत्राला कोण सांगणार? वादकांचे हेच झाले. नव्वदच्या दशकापर्यंत सिंथेसायझर आणि निरनिराळे पट्टे वेगवेगळे मुद्रित करण्याचे तंत्र आले. पन्नास व्हायोलिनांचे काम एक माणूस कळफलकावर करू लागला आणि मोठे वाद्यवृंद मोडले. आता तर संगणक स्वतःच संगीत रचू लागला आहे, आणि तो शिकतो कशावरून? माणसांनी वाजवून ठेवलेल्या संगीतावरूनच. यंत्राला विरोध करावा असे मी म्हणत नाही. पण ज्याचे नाव कोठे नोंदलेले असते त्याला निदान ‘हे माझे’ असे म्हणता येते. ज्याचे नावच नाही, तो भांडणार तरी कशाच्या आधारावर?

नाव देण्याची रीत आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. ती आपल्या डहाणू-तलासरीच्या मातीत आहे. तारपा नाच आपण सर्वांनी पाहिला आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाचे पान यांपासून केलेले ते वाद्य. वादक मध्यभागी असतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. तो जिकडे वळेल तिकडे नाच वळतो, त्याने सूर बदलला की पावले बदलतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८), ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या आणि इतर वारली चित्रकारांच्या चित्रांत हेच गोल रिंगण दिसते, आणि त्याच्या मधोमध तारपावाला. वारली समाजाने वादकाला मागच्या रांगेत बसवले नाही; मध्यभागी उभे केले. शिकल्या-सवरल्या समाजाने मात्र त्याला पडद्याआड ठेवले. पाड्यावर तारपावाल्याला सगळे नावाने ओळखतात. तोच शहरातल्या समारंभात पाहुण्यांच्या स्वागताला आला की निवेदक सांगतात, “आता सादर होत आहे आदिवासी नृत्य.” पाहुण्यांची नावे पदव्यांसह वाचली जातात, वाजवणाऱ्याचे नाव मात्र कोणी विचारतही नाही.

तेव्हा वाचक मित्रहो आणि गुरुजनहो, माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. स्नेहसंमेलनात गाणाऱ्याचे नाव पुकारताना तबल्यावर, पेटीवर आणि ढोलकीवर कोण आहे तेही पुकारावे. तारपा नाच ठेवला तर तारपावादकाचे नाव आणि त्याच्या पाड्याचे नाव सर्वांत आधी सांगावे. सुट्टीत आपापल्या गावातील वादकांची, मग ते बँडमधील असोत, भजनी मंडळातील असोत की घांगळी वाजवणारे भगत असोत, त्यांच्या संमतीने नावे, त्यांनी कोणाकडून शिकले आणि काय वाजवतात याची नोंद करावी. पुढील वर्षी ती याच अंकात छापता येईल. त्याला निधी लागत नाही. एक वही पुरे.

मी सुरुवात घरापासून केली आहे. बाबांनी जपून ठेवलेल्या डायांचे ठसे मी कागदावर घेत आहे आणि प्रत्येकाखाली साल व बाबांचे पूर्ण नाव लिहीत आहे. आतापर्यंत बेचाळीस झाले. बाबा हसतात, पण हल्ली संध्याकाळी एखादी जुनी डाय स्वतःच शोधून माझ्या पुढ्यात आणून ठेवतात.

(द्वितीय वर्ष, कला)